सलाला राहिलं, हुसेनभाई

हुसेनभाई,

तुमची बॅग माझ्याकडे आहे. तीच काळी, पट्टा दोनदा शिवलेली. आत कॅमेरा, दोन लेन्स, ब्रश, पिवळं फडकं, आणि बाहेरून नाडीने बांधलेला ट्रायपॉड. बाजूच्या खिशात आलेपाकाच्या वड्या आहेत, त्यातली एक अर्धी खाऊन परत कागदात गुंडाळलेली. हजार किलोमीटर दक्षिणेला, ओमानच्या पार दुसऱ्या टोकाला, सलालाला जायला भरलेली ही बॅग काल सीबच्या तुमच्या फोटोच्या दुकानातून निघाली आणि माझ्या घरी सोहारला आली, म्हणजे नेमकी उलटी, उत्तरेला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "सुध्याला दिशापण कळत नाय."

आज अकरावा दिवस. गुरुवारी सकाळी तुम्ही गेलात, त्याच दुपारी असरच्या नमाजानंतर तुम्हाला माती दिली, आणि मी तिथे नव्हतो. भेटेल तो माझी समजूत घालतो. "तुझा काय दोष? नोकरीच तशी." दहा दिवस मी मान खाली घालून ही समजूत घालून घेत होतो. लोकांना वाटतं, मी दुःखाने बोलत नाही. तसं नाही. सांगतो, पण मला सुरुवातीपासून सांगू द्या, एकदम तिथे जायचा धीर होत नाही.

नऊ वर्षांपूर्वी मी तुमच्या दुकानात आलो तो रेसिडेंट कार्डाच्या फोटोसाठी. स्टुलावर बसवून तुम्ही माझी हनुवटी दोन बोटांनी खाली केलीत, केस मागे सारलेत आणि हिंदीत म्हणालात, "कान दिखाव." मग खुंटीवरचा काळा कोट माझ्या अंगावर चढवलात. त्या कोटाला दुसऱ्याच कुणाच्या तरी अत्तराचा वास होता. सीबमधल्या निम्म्या कोकणाचे फोटो त्याच एका कोटात निघालेत, गवंडी काय, आचारी काय, सगळे साहेब. मी पुटपुटलो, "आयला, गरम होतंय," आणि तुम्ही कॅमेऱ्यामागून डोकं काढलंत. "कुठला रे तू?" चिपळूणजवळचा म्हटल्यावर तुम्ही शटर दाबायचंच विसरलात. तुम्ही जयगडचे. त्या दिवशी तुम्ही माझ्याकडून फोटोचे पैसे घेतले नाहीत आणि मला जेवल्याशिवाय सोडलं नाहीत. फोटोत माझा डावा कान मात्र आला नव्हता, म्हणून फोटो ऑफिसातून परत आला.

मग शुक्रवार ठरून गेले. सोहारहून सीबला यायला दोन तास लागायचे, तरी महिन्यातून एकदा मी यायचोच. शटर अर्धं ओढलेलं, शेजारचा रफीक टेलर चहा घेऊन आलेला, आणि काउंटरवर ओमानचा नकाशा पसरलेला. घड्यांवर तो फाटला होता, तुम्ही मागून चिकटपट्टी लावली होती. वाटेत आदमला चहा, हैमाला मुक्काम, थुमरैतला पेट्रोल, मग घाट उतरून सलाला. सलालाच्या समुद्रकाठी जुन्या शहराचे पडके चौथरे आहेत, तिथे एक सकाळ. पण तुमचा जीव खरा अडकला होता तो पुढे तासाभरावरच्या मिरबातमध्ये. तुमचे पणजोबा गलबतावर तांडेल होते. जयगडहून सागवान भरून मिरबातला जायचं आणि येताना खजूर, लोबान आणायचा. तिथल्या व्यापाऱ्यांच्या जुन्या घरांच्या दारांना आपल्याकडचं लाकूड आहे, असं तुमच्या घरात सगळे शपथेवर सांगत. "घरं पडायला लागलीत सुध्या. दारं पडायच्या आत काढली पायजेत." ओमानमध्ये अठ्ठावीस वर्षं काढून तुम्ही ते गाव पाहिलं नव्हतं. दुकान कोण बघणार, हा एकच प्रश्न अठ्ठावीस वर्षं पुरला.

एकदा मी विचारलं, "दाराचे फोटो काढून काय करणार?" तुम्ही म्हणालात, "अठ्ठावीस वर्षं नुसती तोंडं काढतोय. मरायच्या आधी एक तरी फोटो असा काढायचाय की ज्याला कान नायत." रफीक चहा सांडेपर्यंत हसला होता. मीही हसलो होतो.

आणि आपलं भांडण! मला जायचं होतं खरीफमध्ये, जुलै-ऑगस्टात, सगळं जग जातं तेव्हा. डोंगर हिरवे, धुकं, झिम्मड पाऊस. तुमच्या मते हा शुद्ध मूर्खपणा होता. "कोकणातला माणूस वाळवंटात येऊन पाऊस बघायला जाणार? नारळ बघायला जाणार? गावात सांगितलंस तर दगड मारतील." तुम्हाला जानेवारी हवा होता, कोरडं तिरपं ऊन, म्हणजे लाकडावरचं कोरीव काम उठून दिसतं. मी म्हणायचो, मुलीच्या शाळेला सुट्टी उन्हाळ्यात असते. तुम्ही म्हणायचात, उन्हाळ्यात तू गावाला पळतोस, तेव्हाही कुठे येतोस? दोघांचंही खरं होतं आणि त्यात सात वर्षं गेली. या वर्षी मी हरलो. जानेवारी ठरला. मी चार दिवसांची रजा टाकली, ती मंजूर झाली. गुरुवारी पहाटे, फजरनंतर निघायचं.

पण त्याआधी सूर झालं. नोव्हेंबरात आपण सराव म्हणून समुद्रकाठच्या सूरला गेलो, तिथे अजून लाकडी होड्या बांधतात म्हणून. किनाऱ्यावर एक अर्धवट बांधलेलं गलबत उभं होतं, नुसत्या फासळ्या. भर दुपारी तुम्ही मला थर्माकोलची पांढरी पाटी धरून उभं केलंत, सावलीतल्या लाकडावर उजेड टाकायला. वर, खाली, जरा डावीकडे, अरे डावीकडे! दीड तास. माझे खांदे भरून आले, डोळ्यांत घाम गेला, पाटी वाकडी झाली. तिथले चार सुतार बघत होते आणि तुम्ही ओरडलात, "तुला हात हायत मेल्या, नजर नाय! कधी येणार पण नाय!"

मी पंचेचाळीस वर्षांचा माणूस. प्लांटवर माझ्या हाताखाली सहा जण आहेत. ते मला लागलं, हुसेनभाई. येताना गाडीत तुम्ही तीनशे किलोमीटर बोलत होतात, मला आलेपाक देत होतात, आणि मी "हं, हं" करत होतो. तुम्हाला वाटलं असेल, दमलाय. मी दमलो नव्हतो, फुगलो होतो. आणि फुगलेला माणूस मोठ्याने भांडत नाही, तो वेळ साधतो.

आता ते सांगतो.

तुम्ही गेलात त्या आठवड्यातल्या सोमवारी संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला, की हुसेनभाई, आमच्याकडे अर्जंट शटडाउन लागलाय, सगळ्यांच्या रजा रद्द. प्लांट बंद करून दुरुस्तीला काढतात ते काम तुम्हाला माझ्या बोलण्यातून चांगलं ठाऊक होतं. पहाटे आत जायचं, अंधार पडल्यावर बाहेर, आणि आत गॅस असतो म्हणून मोबाइल गेटवर जमा. ते मी मुद्दाम जोडलं: "दिवसभर फोन गेटवर जमा असेल, लागणार नाही."

शटडाउन नव्हता. तो मार्चमध्ये आहे. माझी रजाही रद्द झाली नव्हती. मला कंटाळा आला होता. हजार किलोमीटर जायचे, हजार यायचे, दर दहा मैलांवर ट्रायपॉड, परत ती पाटी, परत "नजर नाय." चार दिवस रजा मिळाली होती, घरी लोळावंसं वाटत होतं. एवढंच. याहून मोठं कारण शोधायचा मी अकरा दिवस प्रयत्न केला, सापडलं नाही.

तुम्ही म्हणालात, "बरं. पोट पहिलं. पुढच्या वेळेला, इन्शाल्ला. जेवण वेळेवर कर, शटडाउनमध्ये तू जेवत नायस."

शेजारी मुलगी गृहपाठ करत बसली होती. ती म्हणाली, "बाबा, पण शटडाउन तर नाहीये ना? यू सेड मार्च." आणि माझी बायको वैशाली स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कंटाळा आला तर कंटाळा आला म्हणून सांगावं. ते काय खाणार होते का तुम्हाला?" मी तिच्यावरच डाफरलो.

चोराच्या मनात चांदणं. तुमचा फोन आला आणि वाजला तर खोटं उघडं पडेल, म्हणून मी मंगळवारपासून रोज सकाळी फोन बंद करून कपाटात ठेवायला लागलो. संध्याकाळी चालू करायचो. मंगळवारी तुमचा फोन आला नाही, बुधवारीही नाही. मला हायसं वाटलं, खोटं पचलं म्हणून. गुरुवारी रजेचा पहिला दिवस. त्या दिवशीही फोन कपाटातच होता.

संध्याकाळी मगरिबनंतर तो चालू केला आणि एकामागून एक मेसेज येत राहिले. रफीकचा फक्त एक मिस्ड कॉल होता, सकाळचा. त्याखाली त्याचा मेसेज, "हुसेनभाई गेले." त्याखाली दुपारचा, "दुकानाच्या ओमानी अर्बाबने कागद लवकर करून दिले, असरला दफन आहे." मग, "झालं." मी कपाटासमोर उभाच राहिलो. वैशालीने विचारलं काय झालं, तर मी तिच्यापुढे फोन धरला. ती वाचून खाली बसली.

दोन तासांचा रस्ता होता, हुसेनभाई. सकाळी कळलं असतं तर मी हॉस्पिटलात असतो. दुपारी कळलं असतं तरी खांदा द्यायला पोचलो असतो. मी पोचलो शुक्रवारी सकाळी, वरातीमागून घोडं. रफीक मला कबरस्तानात घेऊन गेला. तिथे कुणाचं नाव नाही, तारीख नाही, उशाशी एक दगड, पायथ्याशी एक दगड, सगळीकडे सारखेच. ताजे ढिगारे तीन होते. रफीक एकाजवळ थांबला, मागे वळून मोजलं, मग पुढच्याजवळ गेला. "ही," तो म्हणाला. आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने माती टाकलेला माणूस चुकत होता. मी दोन्ही हातांनी माती घेतली आणि टाकली, आणि ती तुमच्यावरच टाकली असं मी धरून चालतो. दुकानात आलेल्या हजारो माणसांची तोंडं तुम्ही लक्षात ठेवलीत.

भाभींचा जयगडहून फोन आला. मला वाटलं होतं त्या रडतील. त्या माझंच सांत्वन करत होत्या. "सुधीरभाऊ, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, कामाला तर जायलाच लागतं. त्यांची ती बॅग तुम्ही न्या. हितं कोण वापरणार? जमलं तर ती दारं काढा. मला पण दाखवा, आयुष्यभर ऐकतेय." मी "हो भाभी" म्हटलं. माझ्या "हो"ला आता काय किंमत आहे ते तुम्हीच ठरवा.

काल दहावा दिवस. आमच्यात दहाव्याला पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, मग घरातलं कुणीतरी पुढे होऊन हात जोडतं, तुमचं हे राहिलेलं आम्ही करू म्हणून. तुमच्यात पिंड नाही, कावळा नाही. बरंच आहे. नाहीतर मला पुढे व्हावं लागलं असतं, आणि मी सलालाचं वचन दिलं असतं, आणि कावळा माझ्याकडे बघत बसला असता.

बॅग आणायला मी सीबला गेलो. रफीकने तुमचं शटर वर केलं. स्टूल तिथेच होतं, पांढरा पडदा, निळा पडदा, खुंटीवर कोट. काउंटरखाली बॅग भरून ठेवलेली. भेटायला माणसं आली, बसली, गेली. कुणीतरी मला विचारलं, "संपला शटडाउन?" आणि मी म्हणालो, "हो, संपला." तोंडातून आपोआप निघालं. मेलेल्या माणसाच्या दुकानात उभा राहून मी परत खोटं बोललो. तेव्हा मला स्वतःची किळस आली. मी बॅग उचलली, बाहेर गाडीपर्यंत गेलो, आणि परत आलो. रफीक आपल्या मशीनवर बसला होता, कुणाच्या तरी पॅंटची उंची कमी करत.

मी म्हणालो, "रफीक, शटडाउन नव्हता. मी घरी होतो. खोटं बोललो त्यांच्याशी."

त्याने मशीन थांबवलं नाही. शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा दातांनी तोडला. मग म्हणाला, "ठाऊक हाय."

"कोणाला?"

"मला. त्यांना पण. मंगळवारी तुमच्या प्लांटचा एक क्रेनवाला आलता, दापोलीचा, पासपोर्टचा फोटो काढायला. हुसेनभाईंनी त्याला सहज विचारलं, तू कसा सुटलास शटडाउनमधून? तो बोलला, कसला शटडाउन चाचा, तो मार्चमध्ये."

मी तुमच्या ओट्यावर बसलो. विचारलं, रागावले होते का.

"नाय. त्याचे कान दाखवून फोटो काढला. तो गेल्यावर बोलले, सूरला मी पोराला लई बोललो रफीक, चारचौघांत. यायचा नाय तो आता." रफीकने पॅंटची घडी घातली. "मी बोललो, फोन करून झाडा त्याला. तर बोलले, खलास, सोड. बॅग काय त्यांनी सोडली नाय पण. भरलेलीच ठेवली."

हुसेनभाई, मंगळवार संध्याकाळ आणि बुधवार संध्याकाळ. दोन्ही दिवस सहानंतर माझा फोन चालू होता. सूरला सुतारांसमोर ओरडलात तसे ओरडायला काय झालं होतं? एक फोन. "काय रे लबाडा, गेट कुठल्या बाजूला हाय तुझ्या घराचं?" एवढं म्हणाला असतात तर मी शरमेने पाणी पाणी झालो असतो, आणि गुरुवारी फजरच्या आधी तुमच्या दारात गाडी लावली असती. मग छातीत दुखलं असतं तेव्हा आपण आदमच्या पुढे, वाळवंटात असतो. कदाचित तिथेच गेला असतात, माझ्या शेजारच्या सीटवर. कदाचित मी गाडी मागे फिरवून तुम्हाला वाचवलं असतं. मला माहीत नाही, आणि हे माहीत नसणं तुम्ही माझ्या गळ्यात बांधून गेलात. माझ्यावर उपकार करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? खोटं बोलणाऱ्याला एकदा तरी पकडावं, माफ करायचं ते मग करावं. तुम्ही मधलंच गाळलंत. याचा मला राग आहे, आणि तो कुणावर काढू तेही तुम्ही ठेवलं नाहीत.

रफीकने उरलेलंही सांगितलं, मी विचारलं नसतानाही. गुरुवारी सकाळी आठच्या सुमाराला तुम्ही दुकान उघडलंत, एरवी दहाशिवाय उघडत नव्हतात. बॅगेतला कॅमेरा काढून पुसत बसलात. रफीकने चहा आणला तर तुम्ही छातीवर हात धरून स्टुलावर बसला होतात, घामाने शर्ट भिजलेला. तो टॅक्सी बोलवायला धावला. परत येऊन म्हणाला, सुधीरला फोन लावू का, तो येईल. त्याने मोबाइल काढलाही होता. तुम्ही त्याच्या मनगटावर हात ठेवलात.

"नको," म्हणालात. "रजा घेतलीय त्यानं. झोपला असेल. झोपू दे त्याला."

टॅक्सीत बसवल्यावर रफीकने तरीही लावला. तोच तो एक मिस्ड कॉल.

हुसेनभाई, मी खरंच झोपलो होतो.